आधी फुटका बांध दाखवा

साहेबांना कोणी पाणी विचारलं की मी आधी दाराकडे बघायचो. कारण पाणी ते प्यायचे नाहीत. पेला समोर आला की कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढायचे, तिच्यातलं सुपारीएवढं ढेकूळ चिमटीत धरायचे आणि अलगद पेल्यात सोडायचे. मग यजमान, यजमानीण, ओट्यावर बसलेले चारजण, सगळ्यांनी त्या पेल्याकडे टक लावून बघायचं. ढेकूळ अभंग राहिलं तर साहेब खुलायचे. ते विरघळून बुडाशी चिखल झाला तर मान हलवत म्हणायचे, "पाह्यलं? हिच्यात जीव राह्यला नाही. ही माती पावसात उभी राहत नाही, सरळ तापीत जाते." यजमानाला आपल्या पेल्याची काळजी, साहेबांना तालुक्याची.

हा प्रयोग त्यांनी तहसीलदाराच्या दिवाणखान्यात केला, एका लग्नात वरबापासमोर केला, आणि खंडव्याच्या एका बैठकीत केला तेव्हा तर हद्दच झाली. तिथे वरून आलेले एक पाहुणे बोलता बोलता हात लांब करून नेमका तोच पेला उचलून प्यायले. घोट घशाखाली गेला आणि त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. साहेब शांतपणे म्हणाले, "आमच्याकडची चांगल्यातली चांगली जमीन होती ती, साहेब. तुम्ही एकट्यानंच संपवली."

साहेब माती वाचवायच्या सरकारी खात्यात होते आणि मी त्यांच्या हाताखाली नकाशे काढायला. घर बुऱ्हाणपुरातच, राजपुऱ्यात, वडील शाळामास्तर. मला माती म्हणजे अंगणातली तेवढी माहीत. साहेब मला कधी नावाने हाक मारत नसत. "ए नकाशे, इकडं ये." शिपायाला "दरवाजे", टंकलेखकाला "खटखट". स्वतःला मात्र ते "ढेकूळ" म्हणवून घ्यायला तयार असत, फक्त तसं म्हणायची आमची टाप नव्हती.

ते दिवस मोठे विचित्र होते. नवं राज्य नुकतंच झालेलं. कालपर्यंत आमची राजधानी नागपूर होती, एका सकाळी उठलो तर भोपाळ झाली. चार ठिकाणची चार सरकारं एकत्र आली, त्यांची खाती एकत्र आली, आणि त्या खात्यांतले साहेबलोकही एकत्र आले. याला सरकारी भाषेत एकीकरण म्हणत. कोण कोणाच्या वर हे ठरेपर्यंत मात्र प्रत्येकजण दुसऱ्याने आधी नमस्कार करावा म्हणून वाट बघायचा. आमच्या दारावरची इंग्रजी पाटी उतरली आणि 'भूमि संरक्षण' अशी हिंदी पाटी चढली. साहेब ती पाटी बघून म्हणाले, "भूमी म्हटलं की लोक हार घालतात आणि घरी जातात. नुसतं माती म्हणा ना बाप्पा."

ते वऱ्हाडाच्या पलीकडचे, वर्ध्याकडचे. त्यांच्याबरोबरचे बहुतेक अधिकारी आपापली सोय लावून नागपूरकडे निघून गेले. यांनाही जाता आलं असतं. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी तर ट्रंका भरूनच बसल्या होत्या. नागपूरला दिरांचं घर, मुलीची शाळा, सगळं तिकडे. पण यांनी कळवलं की मी इथेच राहतो. का, तर यांनी धूलकोटच्या उतारावर आणि इकडे तापीच्या खोऱ्यात जमिनीचे जे तुकडे तपासायला घेतले होते ते काही नागपूरला नेता येत नव्हते. काकू आम्हाला चहा देताना म्हणायच्या, "माझ्याशी फक्त लग्न केलं हो यांनी. संसार उताराशी आहे." त्या हे हसून म्हणायच्या, पण ट्रंका बरेच दिवस तशाच भरलेल्या होत्या.

साहेबांचं एक ठाम मत होतं. सरकारात कोणी काही वाचत नाही. "तिकडं नेपानगरला जंगल कापून कागद करून राह्यले," असं ते म्हणायचे, "आणि आपण त्या कागदावर लिहितो की जंगल कापू नका. तो कागद कोण वाचते? वाळवी." म्हणून त्यांनी एक पद्धत बसवली होती. मोठा माणूस दौऱ्यावर आला की त्याची मोटार थांबल्यापासून तो डाक बंगल्याच्या खोलीत शिरेपर्यंत जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात जे सांगता येईल तेच खरं संशोधन. बाकीचं आपल्या समाधानासाठी. माती अर्ज करत नाही, मोर्चा आणत नाही, म्हणून तिच्या वतीने कोणीतरी बंगल्याच्या पायऱ्यांवर उभं राहायला पाहिजे, असं ते म्हणत.

आणि त्यासाठी तालीम असायची. दुपारची जेवणं झाली की साहेब मला आपल्या खुर्चीत बसवायचे. "ए नकाशे, तू मंत्री हो."

मी मंत्री व्हायचो. सुरुवातीला मला ते नीट जमत नसे. साहेब वैतागायचे. "अबे, तू तर लक्ष देऊन ऐकून राह्यला! कोणता मंत्री असा ऐकते? घड्याळ पाहा. चहा माग. मधेच दुसऱ्याशी बोल." मग हळूहळू मी तयार झालो. जांभई द्यायचो, "इसमें पब्लिक का क्या फायदा?" असं विचारायचो, खटखटला खोटाच फोन द्यायला सांगायचो. साहेब खुर्चीपासून दारापर्यंत माझ्याबरोबर उलटे चालत बोलायचे आणि दार आलं की वाक्य पूर्ण झालेलं असलं पाहिजे, असा नियम होता. अर्धवट राहिलं की पुन्हा पहिल्यापासून. असा मंत्री मी पुष्कळ दिवस होतो. घरी आई म्हणायची, याचा तोरा वाढलाय.

खरे पाहुणे आल्यावर ही तालीम कितीदा उपयोगी पडली म्हणाल, तर फारशी नाही. पण त्याबद्दल साहेब कधी खट्टू झाले नाहीत. मी त्यांना एकदाच मनापासून खचलेलं पाहिलं, आणि ते कारण भोपाळमधलं नव्हतं. ते सुपडू पाटलांच्या वावरात होतं.

सुपडू पाटील म्हणजे नदीकडच्या गावातले मोठे प्रतिष्ठित गृहस्थ. साहेबांपेक्षा वयाने थोरले, धोतर-टोपी, बोलणं कमी. जमीन काळीभोर, खोल, कापसाला एक नंबर. नागपूरचं राज्य होतं तेव्हा साहेबांनी सगळ्या तालुक्यासाठी बांधांची योजना सुचवली होती. उताराला आडवे मातीचे बांध घालायचे, म्हणजे पाणी थांबेल, माती राहील. सरकारने मान्य केलं. पण पहिला बांध स्वतःच्या वावरात घालून घ्यायला कोणीच तयार होईना. पेरणीची जागा जाते, नांगराला अडचण होते. साहेब सुपडू पाटलांच्या ओट्यावर जाऊन बसले, ढेकूळ पेल्यात टाकलं, सगळं समजावलं. पाटलांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "तुमी सांगता त करू. तुमाले काय आमची माती विकून खायाची हाय?"

धूलकोटकडे, वरच्या हलक्या मुरमाड जमिनीत ते बांध सोन्यासारखे चालले. खालच्या काळ्या जमिनीत मात्र घात झाला. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हे गावातल्या पोरालाही ठाऊक असतं; पण त्या मातीचा बांधसुद्धा भेगाळतो आणि त्या भेगा पावसात पुरत्या मिटत नाहीत, हे कोणी बघितलं नव्हतं, साहेबांनीही नाही. पाटलांच्या बांधामागे पाणी तुंबलं. आधी कापूस पिवळा पडला, मग कुजला. मग एका झडीत त्या पाण्याने बांधातली भेग शोधली, बांध फोडला, आणि एरवी जे सगळ्या वावरभर पसरून गेलं असतं ते पाणी एकाच तोंडाने सुटलं. पाटलांच्या जमिनीतून नदीपर्यंत बैलगाडी बसेल एवढी घळ पडली. पुढच्या पावसात ती विहिरीच्या दिशेने आणखी सरकली.

साहेब बातमी आल्या आल्या गेले. मी बरोबर होतो. घळीत उतरले, बराच वेळ तिथेच उभे राहिले. मग वर येऊन बांधाच्या उरलेल्या तुकड्यातल्या एका भेगेत आपली छत्री घातली. छत्री मुठीपर्यंत आत गेली. साहेबांनी ती बाहेर काढली, पुसली नाही, तशीच चिखलाची घेऊन बसने घरी आले.

त्यानंतर दोन उन्हाळे ते दर रविवारी तिथे जात. खड्डे खणत, भेगा मोजत, पाणी ओतून बघत. शेवटी त्यांचं म्हणणं पक्कं झालं. खोल काळ्या जमिनीत बांध घालू नयेत. तिथलं जादा पाणी गवत लावलेल्या उथळ चाऱ्यांतून, म्हणजे पाटांतून, सावकाश बाहेर काढावं, आणि बांध वरच्या हलक्या जमिनीत घालावेत. पाटलांची घळ दगड-गवताने बुजवावी, नाहीतर विहीर जाईल. हे सगळं त्यांनी भोपाळला लिहिलं. उत्तर आलं की बांधांच्या प्रगतीची माहिती ठराविक नमुन्यात त्वरित पाठवावी. त्या नमुन्यात किती फूट बांध बांधला हे विचारलेलं होतं; फुटला का, हे विचारलेलं नव्हतं. आणि बुजवायला पैसे द्यायची सोयच नव्हती, कारण पैसे नव्या बांधाला होते.

तेवढ्यात भोपाळहून समितीच येणार म्हणून कळलं. बांधांचं काम तालुक्यात कसं झालंय ते बघायचं, आणि चांगलं वाटलं तर पुढच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या काळ्या जमिनीवर बांध घालायचे, असा बेत. खंडव्याचे मोठे साहेब, म्हणजे आमचे वरिष्ठ, आदल्या आठवड्यात साहेबांच्या घरी आले. माणूस वाईट नव्हता. इंदूरकडचे, गोड बोलणारे. म्हणाले, "हे बघा, धूलकोट दाखवा, मावा जिलेबी खिलवा, आणि गाडीत बसवा. पाहुण्यांना आपण दिवाणखाना दाखवतो की मोरी?"

साहेब म्हणाले, "मोरी तुंबली असन अन् पाहुणा गवंडी असन, तर मोरीच दाखवा लागते ना."

"तुमच्या बढतीचा कागद या समितीवाल्यांच्याच हातात आहे," मोठे साहेब म्हणाले. ते धमकी म्हणून म्हणाले नाहीत, काळजीनेच म्हणाले. काकूंनी आतून ते ऐकलं असणार, कारण चहाबरोबर त्या दिवशी त्या बाहेर आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तालीम. मी आता मुरलेला मंत्री होतो. साहेब बोलायला लागले. काळी माती, भेगा, छत्री, घळ. मी घड्याळ बघितलं, जांभई दिली आणि सहज, मंत्र्याला शोभेल असं, विचारलं, "ये बांध किसके कहने पर बना था?"

साहेब थांबले. दारापर्यंत जायचं होतं, ते मधेच थांबले. मला कळलं की आपण भलतंच विचारलं. मी खुर्चीतून उठायला लागलो तर त्यांनी हाताने बस म्हणून खूण केली.

"माझ्या," ते म्हणाले. मग घसा साफ करून, "पुन्हा विचार."

मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा म्हणाले. त्या दुपारी मला तो एकच प्रश्न त्यांनी विचारायला लावला, आणि आवाज न अडकता उत्तर येईपर्यंत मला खुर्चीतून उठू दिलं नाही. मला त्यांचा राग येत होता आणि दयाही. हा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचं नुकसान घोकून पाठ करत होता, आणि मला त्याचा पंतोजी केलं होतं.

समिती आली. समितीचे मुख्य म्हणजे भोपाळचे सचिव, उंच, नीटनेटके, प्रश्न नेमके विचारणारे. जीप धूलकोटच्या रस्त्याला लागायच्या ऐवजी साहेबांनी ती नदीकडे वळवायला लावली. मोठ्या साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाटलांच्या वावरापाशी सगळे उतरले. घळ आता जीप मावेल एवढी झाली होती.

साहेबांचा हात सवयीने खिशाकडे गेला. पण त्यांनी पुडी काढली नाही. सरळ घळीच्या काठाशी उभे राहून, त्यांच्या त्या वर्ध्याकडच्या हिंदीत, सांगायला लागले. इतकं सरळ बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. सचिव ऐकत होते. घड्याळ त्यांनी एकदाही पाहिलं नाही. शेवटी विचारलं, "यह बांध किसकी सलाह से बना था?"

"मेरी, साहब," साहेब म्हणाले. "गलती मेरी है. मिट्टी की नहीं, किसान की भी नहीं."

मला वाटलं, जिंकलो. आणि तेवढ्यात इतका वेळ टोपी नीट करत बाजूला उभे असलेले सुपडू पाटील पुढे आले.

"नही साहब," ते म्हणाले. "सायेब झूठ बोल रहे. बांध तो अच्छाच था. हमनेच ध्यान नही दिया. उंदीर लग गये, पोखर डाला. सायेब का इसमें कुछ नही."

मी पाटलांकडे बघतच राहिलो. त्यांचा चेहरा अगदी शांत होता. घरी आलेल्या परक्यांपुढे आपल्या माणसाला उघडं पडू द्यायचं नसतं, एवढं साधं ते वागले होते. आमच्याकडे कोणीही शहाणा माणूस असाच वागला असता. भावाने भावाचं डोकं फोडलं तरी फौजदारापुढे तो आपणच पडलो म्हणून सांगतो. पाटलांच्या लेखी साहेब घरचे होते आणि सचिव फौजदार.

साहेब ओरडले, "पाटील, काय बोलून राह्यले तुम्ही!" पण झालं ते झालं होतं. सचिव हसले. मोठे साहेब तर मनमोकळं हसले, त्यांच्या डोक्यावरचा डोंगर उतरला. शेतकऱ्यांना बांधांची देखभाल शिकवली पाहिजे, असं कोणीतरी म्हणालं, दुसऱ्याने ते उचलून धरलं. मग जीपा धूलकोटकडे गेल्या, तिथले बांध बघून सगळे खूश झाले. महिन्याभरात कळलं: पाटलांच्या वावरातला बांध मालकाच्या दुर्लक्षामुळे फुटला, असं समितीचं मत पडलं आहे, पुढच्या वर्षी सगळ्या काळ्या जमिनीवर बांध होणार.

साहेब त्या दिवशी कार्यालयात आले नाहीत. मी घरी गेलो तर अंगणात बसले होते. म्हणाले, "पाटलानं मला वाचवलं रे. आता त्याच्यासारखे पन्नास पाटील बुडतीन."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाटलांच्या ओट्यावर. साहेबांनी पाटलांना हात जोडले आणि म्हणाले, माझ्याबरोबर भोपाळला चला आणि खरं सांगा. पाटील म्हणाले, "येतो. उंदीर नव्हते, असं सांगतो." "तेवढं पुरणार नाही. साहेब चुकला, असं सांगा." यावर पाटलांनी नुसती नकाराची मान हलवली.

मग तिथेच ओट्यावर तालीम सुरू झाली. मी सचिव झालो. पाटील सगळं म्हणायचे, भेगा, तुंबलेलं पाणी, पिवळा कापूस, विहीर. मी विचारायचो, "गलती किसकी?" आणि पाटील टोपी नीट करत बसायचे. साहेब समोर बसून विनवायचे, "म्हणा ना, पाटील. साहेबाची म्हणा." पाटलीणबाई दाराआडून बोलल्या, "आवो, ज्याच्या पंगतीले बसलो त्याले कसं नाव ठेवतीन ते? तुमीच सांगा." साहेबांनी कपाळाला हात लावला. ओट्यावर काही ते वाक्य निघालं नाही. पाटील फक्त भोपाळला यायला तयार झाले.

गेलो. साहेबांनी रजा काढली होती, पण भोपाळला जायची परवानगी कोणाची घेतली नव्हती. नकाशांची गुंडाळी माझ्या बगलेत. सचिवांच्या कचेरीच्या व्हरांड्यात आम्ही उभे राहिलो. मोटार आली, ते उतरले, पाटलांकडे बघून थबकले. ओळखलं त्यांनी. "आप तो वही हैं ना, बुरहानपुरवाले?" असं म्हणून ते आम्हाला आत घेऊन गेले. एवढं झाल्यावर मोटारीपासून खोलीपर्यंतची सगळी तयारी वायाच गेली, कारण त्यांनी चक्क खुर्च्या दिल्या.

पाटील बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "साहब, उस दिन मैने झूठ बोला. उंदीर नही थे."

सचिवांनी हातातली लेखणी खाली ठेवली. "तो फिर किसकी गलती थी?"

पाटलांनी साहेबांकडे बघितलं. साहेब भिंतीकडे बघत होते, मुद्दामच. मग पाटलांनी डोक्यावरची टोपी काढली. मी त्यांना उघड्या डोक्याने कधी पाहिलं नव्हतं; आमच्याकडचा त्या पिढीतला माणूस चारचौघांत टोपी काढत नाही. ती दोन्ही हातांत धरून ते हळू आवाजात, हिंदी सोडून, आपल्या बोलीत बोलले.

"सायेबाची. आमचे सायेब चुकले."

मराठी न येणाऱ्यालाही कळावं, असं ते होतं. सचिव साहेबांना म्हणाले, "और यह बताने के लिए आप ही इन्हें लेकर आए?" साहेबांनी मान डोलावली. त्यानंतर सचिवांनी माझे नकाशे टेबलावर पसरायला लावले. पुढचं सगळं बोलणं मातीचं झालं आणि ते लांबलं.

पुढे काय झालं ते सांगून टाकतो. आमच्या तालुक्यात खोल काळ्या जमिनीवर बांध झाले नाहीत. पाटलांची घळ दोन वर्षांत बुजली, विहीर वाचली. आता तिथे त्यांच्या नातवंडांची केळीची बाग आहे आणि घळ होती हे सांगूनही कोणाला पटत नाही. इतर तालुक्यांत मात्र ते बांध झाले, तिथे कोणी टोपी काढायला गेलं नाही. साहेबांची बढती दुसऱ्याला गेली. 'स्वतःच्याच कामाविषयी अनिश्चित' असा शेरा होता म्हणतात. काकूंनी ट्रंका रिकाम्या केल्या आणि त्यांत गहू भरला. साहेब निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीत होते, आणि मी त्याच खुर्चीत मंत्री.

पण मला आठवतो तो परतीच्या गाडीतला जेवणाचा डबा. गाडी इटारसी सोडून पुढे आली होती. साहेब भलतेच खुशीत होते. त्यांनी काकूंनी दिलेला डबा उघडला, भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि अर्धी भाकरी पाटलांपुढे केली. पाटलांनी घेतली नाही. सकाळपासून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. साहेबांनी पुन्हा हात पुढे केला. "घ्या ना, पाटील. आज तुम्ही किती मोठं काम केलं, तुम्हाला माहीत नाही."

पाटील खाली बघत म्हणाले, "सायेब, तुमी म्हटलं म्हणून बोललो. माही इहीर वाचन, लोकायची वावरं वाचतीन, समदं खरं. पण एक सांगू? पुन्हा कधी मले तुमच्याविषयी खरं बोलाले लावू नका."

साहेबांचा हात तसाच पुढे राहिला. मंत्र्यांना, सचिवांना, समित्यांना द्यायची उत्तरं त्यांनी आयुष्यभर माझ्यासमोर घोकली होती. याचं नव्हतं. त्यांनी हळूच भाकरी डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि डबा बाकाखाली सरकवला. बुऱ्हाणपूर येईपर्यंत मग तिघांपैकी कोणीच जेवलं नाही.